नऊ जणी कुठून आणायच्या?

आम्ही माण आणि आटपाडीच्या हद्दीवरच्या पाच वाड्यांमधल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. माईकपुढं एकटीच बसली असली तरी काय बोलायचं ते आम्ही तीन बैठका घेऊन ठरवलंय, म्हणून ‘आम्ही’च म्हणणार. वाड्यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण यात काही लेकींच्या घरच्या गोष्टी येतात आणि पट्टा लहान आहे, लगेच ओळख पटते.

खो-खो तुम्ही सगळ्यांनीच खेळलाय. आठ जणी एका रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, आणि नववी पळते. म्हणजे संघाला नऊ जणी लागतातच. सरावाला समोर पळणाऱ्या तिघी तरी हव्यात, म्हणजे झाल्या बारा. आता आमच्या एका शाळेचा हिशेब सांगतो. पहिली ते चौथी, पट 19. त्यात मुली आठ. त्या आठांतल्या तिघी पहिलीतल्या, त्यांना अजून डावी चप्पल कुठली नि उजवी कुठली ते कळत नाही. मग नऊ जणी कुठून आणायच्या?

हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. तो एका चौथीतल्या पोरीनं विचारला. केंद्राच्या स्पर्धेला आमच्या शाळेतून ती आणि आणखी दोघं गेली होती, पळण्याच्या शर्यतीला. ती अनवाणी पळाली आणि दुसरी आली. पण नंतर दिवसभर लिंबाखाली बसून तिनं दुसऱ्या शाळांचा खो-खो बघितला. घरी आल्यावर आईला म्हणाली, “आपल्या शाळेला संघ का नाही?” आई काय सांगणार? तिनं तो प्रश्न गटाच्या बैठकीत आणला. हप्त्यांचा हिशेब लिहून झाला होता, चहा यायचा होता. त्या दहा मिनिटांत हे सगळं सुरू झालं.

आधी आम्हाला वाटलं, गुरुजीच आळशी असतील. हे आम्ही कबूल करतो. मग शाळेत जाऊन बघितलं. दोन शिक्षक आणि चार वर्ग. एक गुरुजी पहिली-दुसरी सांभाळतात, दुसऱ्या बाई तिसरी-चौथी. त्यातच खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, आणि महिन्याला कसली ना कसली मोहीम. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास लिहिलेला आहे, पण त्या तासाला मुलं पटांगणात सोडून दिली जातात आणि पोरगे क्रिकेटची फळी घेऊन सगळी जागा अडवतात. पोरी कडेला बसून खडे खेळतात. सरळ सांगायचं तर आम्हीही शाळेत असताना कडेलाच बसत होतो.

खेळाचे वेगळे शिक्षक का नाहीत, हेही विचारलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून पट 100 च्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचे. आमच्या पाचही शाळा मिळून तेवढा पट होत नाही, मग एकेकट्या शाळेची काय कथा. म्हणजे मोठ्या गावाच्या शाळेत कागदावर तरी खेळाचा माणूस येऊ शकतो, वाडीवस्तीच्या पोरांसाठी तोही येत नाही. त्याच कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं आणि खेळाचं साहित्य हवं असंही आहे, आणि त्यात पटाची अट नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतोय.

कुणी म्हणेल, आपल्या भागात खेळाडू कमी आहेत का? नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. पी. टी. उषाच्या 1984 च्या धावेनंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिलीच भारतीय बाई. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. त्याच वर्षी सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी! शाळेत असताना अपघातात त्याचा हात कायमचा अधू झाला. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याच गड्यानं 16.32 मीटर गोळा टाकून रौप्य पदक आणलं.

ही नावं घेताना छाती फुगते. पण आमच्यातली एक जाणती बाई म्हणाली ते खरं आहे. ती म्हणाली, “ह्या पोरी घरच्यांच्या आणि स्वतःच्या जिद्दीवर पुढं गेल्या. माझ्या नातीत जिद्द आहे का नाही हे कळायला आधी तिला खेळायला तरी मिळायला पाहिजे.” म्हणून पदकाचं बोलणं आम्ही तिथंच थांबवलं. आम्हाला पोरींना आठवड्यातून एकदा धड खेळायला मिळायला हवं होतं, एवढंच.

उपाय तसा साधा. पाच वाड्या, सगळ्या साडेतीन-चार किलोमीटरच्या आत. एका शाळेत आठ मुली, दुसरीत अकरा, तिसरीत सहा. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटचा दीड तास पाचही शाळांनी एका पटांगणात जमायचं आणि पाळीपाळीनं जागा बदलायची. हे आम्ही शोधलं असं कुणी समजू नका. शेजारच्या शाळांनी गट करून साहित्य आणि शिक्षक वाटून घ्यावेत, असं कोठारी आयोगानं 1964 ते 66 मध्येच सांगितलंय. आपल्याकडं केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आहेत ते अशाच विचारातून. 2020 च्या नव्या शिक्षण धोरणातही शाळांच्या गटानं खेळाचे शिक्षक वाटून घ्यायची गोष्ट आहे.

पण गावात हे बोललो आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून ‘समूह शाळा’ करायची चर्चा राज्यात निघाली होती, ती लोक विसरले नव्हते. एका वाडीतले म्हातारे बाबा काठी आपटत म्हणाले, “आज खेळायला एकत्र नेताय, उद्या शाळाच उचलून नेतील. मग आमच्या सहा वर्षांच्या पोरानं ओढा ओलांडून जायचं का?” आम्ही गप्प बसलो, कारण त्यांची भीती खोटी नव्हती. वाडीतली शाळा गेली की पहिली शाळा सुटते ती पोरींची, हे आम्ही शेजारच्या पट्ट्यात बघितलंय.

मग पाचही शाळा व्यवस्थापन समित्यांनी वेगवेगळा ठराव केला. त्यातलं वाक्य आम्ही तासभर घासलं: मुलं आठवड्यातून एक वेळ एकत्र खेळतील, हजेरी, पट, वर्ग आणि खिचडी ज्याच्या त्याच्या शाळेत. तो कागद बाबांना वाचून दाखवला. ते हो म्हणाले नाहीत, पण नातवाला पाठवलं.

इथं एक गोष्ट सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कायदाच तसा आहे. आमच्यातल्या सात जणी या समित्यांवर होत्या आणि त्यातल्या चौघींना आपण समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं. सही मात्र होती. तुम्ही घरी गेल्यावर तुमचंही नाव एकदा बघून घ्या.

दुसरी अडचण एका शाळेच्या गुरुजींनी काढली. “वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची?” आम्हाला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. एका वाडीची वाट डांबरी रस्त्यावरून जाते आणि वडापवाले काय वेगानं जातात ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी ठरलं की प्रत्येक शाळेबरोबर त्या शाळेचे एक शिक्षक आणि गटातल्या दोन बायका चालत जातील. निघताना आणि पोचल्यावर मुलं मोजायची, वहीत लिहायची. पालकांची लेखी संमती घ्यायची. शनिवारी ज्या बाईची पाळी असेल तिची खुरपणी त्या दिवशी बुडते, म्हणजे एका सकाळची मजुरी जाते. ती आम्ही गटातून भरून देत नाही, देऊ शकत नाही. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर ऐकणारीला वाटेल सगळं फुकटात झालं.

शिकवायचं कोणी? इथं आमचं नशीब उघडलं. आमच्यातलीच एक, तीन लेकरांची आई, दहावीपर्यंत कबड्डी खेळलेली निघाली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, सासरी कुणाला पत्ता नव्हता. पहिल्या शनिवारी ती नुसती बघायला आली होती. पोरी मध्यरेषेवरून आत जायला घाबरत होत्या. हिनं पदर खोचला आणि ‘कबड्डी कबड्डी’ करत एका दमात जाऊन तिघींना शिवून आली. पोरींपेक्षा आम्हीच जास्त ओरडलो. बायकांचं कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं हे तिला अजून पाठ होतं. तिनं पावलांनी मोजलं, आम्ही मागून फक्की टाकली. खो-खोचं एका शिक्षिकाबाईंनी बघितलं. धावण्याचं आणि उडीचं एक कॉलेजचा पोरगा बघतो, पोलीस भरतीची तयारी करतोय. तो शनिवारी नसला की पोरी स्वतःच फेऱ्या मारतात.

पैशाचं सांगतो. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5 हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला 10 हजारांपर्यंत आणि माध्यमिकला 25 हजारांपर्यंत तरतूद आहे. आधी काय व्हायचं? प्रत्येक शाळा त्या पैशात थोडं थोडं सगळंच घ्यायची. एक बॉल, दोन रिंगा, चार दोऱ्या. महिन्यात फुटून जायचं. आता गुरुजींनी आपसात बोलून वाटणी केली. एका शाळेनं खो-खोचे खांब घेतले, एकीनं गोळा आणि थाळी, एकीनं उडीसाठी मॅट, एकीनं बॉल नि जाळी, एकीनं दोऱ्या, शिट्ट्या आणि औषधाची पेटी. खरेदी आपापल्या नावावर, नोंद आपापल्या डेडस्टॉक रजिस्टरला, वापर सगळ्यांचा. शनिवारी खांब एका जीपच्या टपावर बांधून नेतात. ड्रायव्हर पैसे घेत नाही, त्याची पुतणी खेळते.

आता चुकलेलं सांगतो. दुसऱ्याच महिन्यात एक तिसरीतली पोर पळताना पडली आणि हात मोडला. पटांगणात मुरूम होता, त्यातला दगड कुणी वेचला नव्हता. वेचायची पाळी आमची होती. तिला फळकूट बांधून ग्रामीण रुग्णालयात नेलं, हात जुळला, पण तिच्या वडिलांनी तिला परत पाठवली नाही. आम्ही दोनदा घरी गेलो. ते चहा पाजतात, पोरीला पाठवत नाहीत. तेव्हापासून शनिवारी सकाळी सातला पटांगण झाडून, दगड नि बाभळीचे काटे वेचून, पाणी मारल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना पटांगणाला पाणी मारायचं तर बोलणी खावी लागतात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये पळणं बंद ठेवून लेझीम, दोरीउड्या आणि सावलीतली आसनं घेतो.

दुसरी एक गोष्ट बायकांनाच दिसली. काही पोरी दोन फेऱ्यांत पांढऱ्या पडायच्या, दम लागायचा. चौकशी केली तर सकाळची शाळा म्हणून पोट रिकामं, नुसता चहा पिऊन आलेल्या. आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि दहाच्या पुढच्यांना निळी, ती पोटात मळमळतं म्हणून टाकून द्यायच्या. रिकाम्या पोटी घेतली की मळमळणारच. आता शनिवारी घरून भाकरीचा तुकडा आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू खाऊनच यायचं असं ठरलंय, आणि गोळी दुपारच्या खिचडीनंतर घ्यायची. मोठ्या पोरींच्या पाळीचंही बोललो. शिक्षिकाबाईंच्या कपाटात पॅड ठेवलेत. पाळीत खेळायचं का नाही ते पोरीनं ठरवायचं, आजीनं नाही. यावरून दोन घरांत अबोला झाला, तो अजून आहे.

आणि एक मुलगा आहे, त्याला एका पायानं अधू चालता येतं. त्याला आधी आम्ही शिट्टी दिली होती, पंच म्हणून. आम्हाला वाटलं फार चांगलं केलं. तो महिनाभर शिट्टी वाजवून कंटाळला आणि म्हणाला, “मला गोळा टाकायचाय.” आता टाकतो. करगणी इथून फार लांब नाही, सचिन खिलारीचं नाव त्यानं आमच्याआधी ऐकलं होतं.

आता स्पर्धेचं. इथं आमचं गणित अडकलं. आमच्यातल्या चार शाळा सातारा जिल्ह्यात आणि एक ओढ्यापलीकडं सांगली जिल्ह्यात. वर्षभर एकत्र खेळणाऱ्या पोरी, पण केंद्र वेगळं, तालुका वेगळा, जिल्हा वेगळा. शिवाय स्पर्धेत संघ शाळेच्या नावावर उतरतो, पाच शाळांची मिसळ तिथं चालत नाही. म्हणजे सराव करून करून नऊ जणी झाल्या, आणि स्पर्धेच्या दिवशी परत सहा आणि आठ. पोरी रडल्या. पळणं, उडी, गोळा यात मात्र एकेकटीला जाता येतं. त्यात आमच्या चौघी तालुक्याला गेल्या. त्यातली एक तीच, लिंबाखाली बसलेली. आता ती सहावीत आहे.

सांघिक खेळासाठी आम्ही आमचीच स्पर्धा ठरवली. दिवस कोणता? खाशाबा जाधवांचा जन्मदिवस 15 जानेवारी, महाराष्ट्रात आता तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तो पडला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला. करीला नवं काही सुरू करत नाहीत, असं घराघरातून ऐकावं लागलं. आम्ही सांगितलं, खेळ नवीन कुठं आहे, वर्षभर चाललाय.

हळदीकुंकवाचं वाण म्हणून दरवर्षी प्लॅस्टिकच्या डब्या आणि वाट्या वाटतो. त्या वर्षी पाचही गटांनी वाणाचे पैसे एकत्र केले आणि प्रत्येक खेळणाऱ्या पोरीला नंबर छापलेला टी-शर्ट घेतला. बायकांना पटांगणाच्या कडेलाच तिळगूळ दिला. तिथं हळदीकुंकू नव्हतं म्हणून एरवी ज्या घरी बसतात त्या आमच्या विधवा मैत्रिणीही आल्या आणि सगळ्यांत पुढं बसल्या. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यासाठी आपलं घर गहाण ठेवलं होतं. ही गोष्ट गुरुजींनी मुलांना त्या दिवशी सांगितली. आमच्या मागं बसलेली एक आजी हळूच म्हणाली, “मग सोडवलं का नाही कुणी त्यांचं घर?” गुरुजींना उत्तर आलं नाही.

खो-खोत शाळांचे संघ केलेच नाहीत. चिठ्ठ्या टाकून मिसळ संघ केले. पलीकडच्या जिल्ह्यातल्या पोरी आमच्या पोरींच्या बाजूनं खेळल्या. काठी आपटणारे बाबा आले होते. नातू बाद झाल्यावर पंचांशी भांडले.

आता जो प्रश्न आहे तो सुटलेला नाही, तो तुमच्यापुढं ठेवतो. पोरी पाचवीनंतर मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात. तिथं मैदान आहे, शिकवणारे सरही आहेत, सराव पाच ते साडेसहा. आणि आमच्या वाड्यांकडं येणारी शेवटची गाडी पाचला सुटते. म्हणजे आम्ही तयार केलेली पोर नेमकी त्या वेळी गाडीत बसलेली असते. त्या सहावीतल्या पोरीची आई महिनाभर तिला आणायला चालत जात होती, सुगी सुरू झाली आणि तेही थांबलं. गाडी पावणेसातला सोडावी म्हणून आम्ही अर्ज दिलाय. पाच वाड्यांतल्या 114 बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. सराव सकाळी घ्या म्हणून हायस्कूलच्या सरांनाही भेटलो. ते सकाळी साडेसहाला यायला तयार आहेत, पण त्या वेळेला तिकडं जाणारी गाडी नाही. तुमच्या भागात कुणी गाडीची वेळ बदलून घेतली असेल, तर कोणाकडं गेलात, काय लिहिलंत, किती खेपा घातल्या, ते रेडिओ केंद्रावर कळवा. आम्ही पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत.